मॅरेथॉन, मुळशी आणि आपले रुग्णालय

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)





वार्षिक सभेत प्रशासनाच्या वतीने जे निवेदन केले जाते, त्यात जमाखर्च, खाटांची संख्या आणि नवीन यंत्रसामग्री यांचा तपशील असतो. तो सर्व तपशील या अहवालाच्या पुढील पानांत ताळेबंदासह दिलेला आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती करीत नाही. यंदा जमेच्या बाजूस एक नवे शीर्षक आले आहे : 'मॅरेथॉन निमित्त देणग्या'. ते पाहून काही ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस विचारले, "अहो, रुग्णालयाचा आणि पळण्याच्या शर्यतीचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खात्यावर आलेल्या प्रत्येक रुपयामागची हकिकत सांगता आली पाहिजे, असेच आम्हांस शिकविले गेले आहे. म्हणून आज ती हकिकत सांगावयाची आहे. तिच्या ओघात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

प्रथम शर्यतीविषयी.

दि. १९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई मॅरेथॉनची विसावी आवृत्ती पार पडली. ही स्पर्धा २००४ साली सुरू झाली. कोरोनाच्या साथीमुळे २०२१ व २०२२ या दोन वर्षी ती होऊ शकली नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा भरली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून निघावयाचे, मरीन ड्राइव्ह, पेडर रोडची चढण, वरळी, सागरी सेतू, वांद्रे, माहीम असे करीत पुन्हा त्याच ठिकाणी परतावयाचे, असा बेचाळीस किलोमीटरांचा हा मार्ग. विसाव्या आवृत्तीत पुरुषांच्या गटात एरिट्रियाचा बेरहाने तेस्फाय २ तास ११ मिनिटे ४४ सेकंदांत पहिला आला. पहिल्या तीन धावपटूंमध्ये अवघे बारा सेकंदांचे अंतर होते. महिलांमध्ये केनियाची जॉयस चेपकेमोई टेले २ तास २४ मिनिटे ५६ सेकंदांत विजयी झाली. भारतीय पुरुषांत अनिश थापा २ तास १७ मिनिटे २३ सेकंदांत, तर भारतीय महिलांत गुजरातच्या निरमाबेन ठाकोर २ तास ५० मिनिटे ६ सेकंदांत प्रथम आल्या. आदल्या वर्षीचा मानही निरमाबेन यांचाच होता. पुरुषांचा या मार्गावरील विक्रम मात्र इथिओपियाच्या हायले लेमी याने २०२३ साली नोंदविलेल्या २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांचा. तो त्या दिवशी मोडला गेला नाही.

या आकड्यांकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. विजेता आणि भारतीय विजेता यांच्यात पावणेसहा मिनिटांचे अंतर आहे. बिहारमध्ये जन्मलेले सैन्यदलातील धावपटू शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांची जी वेळ दिली, तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकून राहिला. एवढ्या अवधीत जग पुढे गेले. २०२३ साली शिकागो येथे केनियाच्या केल्व्हिन किप्टमने हेच अंतर २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत कापले. आपल्याकडे गुणी धावपटू नाहीत असे नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षे पहिली आली, आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी तिने गाठली. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरची कविता राऊत त्याच ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावली. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडलेला गोपी टी. २०१७ साली आशियाई मॅरेथॉन विजेता झाला. गुण खेड्यापाड्यांत आहेत. कमतरता आहे ती त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचणाऱ्या व्यवस्थेची. हे वाक्य आपण कृपया लक्षात ठेवावे, कारण पुढे रुग्णांविषयी बोलताना आम्हांस तेच पुन्हा म्हणावयाचे आहे.

मॅरेथॉन हे नाव ग्रीस देशातील एका गावाचे. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये तेथे अथेन्सच्या सैन्याने इराणी फौजेचा पराभव केला आणि एका दूताने विजयाची वार्ता धावत अथेन्सला पोहोचवून प्राण सोडला, अशी आख्यायिका आहे. त्या स्मरणार्थ १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत ठेवली गेली. त्या वेळी अंतर सुमारे चाळीस किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते ४२ किलोमीटर १९५ मीटर झाले, आणि १९२१ साली तेच अधिकृत ठरले. स्त्रियांना मात्र ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत धावण्यासाठी १९८४ पर्यंत थांबावे लागले. आपल्या पुणे शहराची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, म्हणजे मुंबईच्या कितीतरी आधी. आज सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांनी लहानपणी रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या धावपटूंना टाळ्या दिल्या असतील.

परंतु पुण्याचे आणि मॅरेथॉनचे नाते त्याहूनही जुने आहे, आणि त्या नात्यात आपल्या मुळशीचा एक वेगळाच धागा गुंतलेला आहे.

१९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती झाल्या. अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील, अनवाणी, खडबडीत जमिनीवर पळणारे. कोणाला शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी दिलेल्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या आहेत, हे दोराबजींच्या लक्षात आले. त्यांनी तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे सहकार्य मिळविले, स्वतः पैसा दिला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी भारतातून एक छोटा संघ रवाना झाला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार हे मॅरेथॉनसाठी होते. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचे अंतर नेहमीपेक्षाही जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते.

आता दुसरी बाजू. याच काळात, याच दोराबजींच्या उद्योगसमूहाने आपल्या मुळशी खोऱ्यात निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले. मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज हवी होती. त्यासाठी मावळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भातखाचरांवर पाणी चढणार होते. १९२१ साली येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. धरणाविरुद्ध जनतेने केलेला हा देशातील, कदाचित जगातीलही, पहिला संघटित लढा मानला जातो. १९२४ पर्यंत तो ओसरला आणि धरण उभे राहिले. त्याचे पाणी आजही सह्याद्रीखाली भिरा येथे उतरते, तेथे वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. जी गावे बुडाली त्यांचे वंशज आज आपल्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे असतात. ही गोष्ट आम्ही दरवर्षी नव्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम सांगतो.

आणि तिसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. दोराबजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. आपल्या तालुक्यातील कर्करोगाच्या किती रुग्णांना आम्ही चिठ्ठी देऊन तेथे पाठविले असेल आणि किती जण बरे होऊन परत आले, हे आपण जाणता. एका हाताने अनवाणी धावपटूंना जगापुढे नेले, दुसऱ्या हाताने शेतकऱ्यांची जमीन घेतली, आणि मागे ठेवलेल्या संपत्तीतून त्यांच्याच नातवंडांवर उपचार झाले. जमा आणि नावे ही दोन्ही पाने एकाच वहीत असतात. एका पानावरील आकड्याने दुसऱ्या पानावरचा आकडा खोडला जात नाही. धर्मादाय संस्थेत काम करणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते. देणगी स्वीकारताना देणाऱ्याचे ऋण मानावे. आणि ज्यांच्यासाठी ती घेतली त्यांचे देणे आपल्या माथी आहे, हेही विसरू नये.

आता रुग्णालयाकडे वळतो.

मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी धावतात. धावणारा आपल्या परिचितांना सांगतो, "मी अमुक अंतर धावणार आहे, तुम्ही अमुक संस्थेला तुमच्या इच्छेनुसार द्या." रक्कम थेट धावणाऱ्याच्या हाती पडत नाही, ती ठरलेल्या मार्गाने संस्थेच्या खात्यावर येते आणि देणाऱ्याला रीतसर पावती मिळते. मुंबईत या मार्गाने दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. आपल्या काही तरुण हितचिंतकांनी यंदा आपल्या रुग्णालयासाठी असेच धावावयाचे ठरविले. त्यांत पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुळशीची मुले होती, आणि आपल्या प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञही होता.

विश्वस्त मंडळात यावर चर्चा झाली, आणि ती एकमुखी नव्हती. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "दान गुप्त असावे. छातीवर क्रमांक लावून पळत सुटणे हे आपल्या परंपरेत बसत नाही." त्यांचा आदर राखूनच दुसऱ्या विश्वस्तांनी उत्तर दिले, "आपल्याकडे आळंदी-देहूहून पंढरपूरला लोक पायी जातात ते मनोरंजनासाठी नव्हे. शरीर कष्टविले की मनातला शब्द खरा होतो, एवढेच त्यामागे आहे." शेवटी प्रयोग करून पाहण्याचे ठरले. रक्कम किती आली, त्यावर खर्च किती झाला, हे परिशिष्टात दिले आहे. लपविण्यासारखे काही नाही.

पैसे आले. ते कशावर खर्च करावेत हा प्रश्न उभा राहिला. प्रवेशद्वाराजवळ नवे प्रतीक्षागृह बांधावे, अशी एक सूचना होती; आम्हीही प्रथम त्याच मताचे होतो. ते मत का बदलले, ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तरीही ज्या कुटुंबाशी हा प्रसंग निगडित आहे, त्यांच्या संमतीने, नाव न घेता, तो सांगत आहोत.

गेल्या पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, ताम्हिणीच्या बाजूच्या एका वाडीतून पन्नाशीचा एक शेतकरी आपल्याकडे आणला गेला. दुपारपासून छातीत कळा येत होत्या. पित्त झाले असेल म्हणून त्याने लिंबूपाणी घेतले आणि पुन्हा खाचरात उतरला. संध्याकाळी तो बसकण मारून पडला. वाटेत दरड आल्याने रस्ता एकेरी होता. भावकीतल्या एका माणसाच्या जीपमधून त्याला रात्री साडेआठच्या सुमारास आणले. आपल्या दारातच त्याचे हृदय थांबले. कर्तव्यावरील परिचारिकेने क्षणाचाही विलंब न लावता छातीवर दाब देण्यास सुरुवात केली. डॉक्टर धावत आले आणि त्यांनी विजेचा झटका देणारे यंत्र मागितले.

यंत्र कपाटात होते. कपाटाला कुलूप होते. किल्ली भांडारपालाकडे होती, आणि तो घरी गेला होता.

तो नियम आम्ही केला होता. त्याआधी काही महिने एक लहान उपकरण गहाळ झाले होते, आणि लेखापरीक्षकांपुढे त्याचे उत्तर देताना आमची अडचण झाली होती. म्हणून किमती उपकरणे रात्री आठनंतर कुलपात ठेवावीत, असे परिपत्रक आम्ही काढले. त्यावर सही आमची होती. मालमत्तेचे रक्षण करणे हे प्रशासकाचे कर्तव्य आहे, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. मालमत्ता कशासाठी आहे हे त्या परिपत्रकात कोठेही लिहिलेले नव्हते. वॉर्डबॉयने शेवटी कुलूप फोडले. त्यात काही मिनिटे गेली. तो माणूस वाचला नाही.

डॉक्टरांनी आम्हांस नंतर समजाविले की दुपारपासूनचा उशीर फार मोठा होता, आणि यंत्र हाताशी असते तरी निश्चित काही सांगता आले नसते. ते वैद्यकीयदृष्ट्या खरे असेल. पण त्याच डॉक्टरांनी हेही सांगितले की हृदय थांबल्यावर झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता साधारणतः सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. हा हिशेब कळण्यास वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.

दहावा-तेरावा झाल्यावर त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला नेण्यास आला. तो भांडला नाही. दाखला घडी करून खिशात ठेवला आणि दारातून वळून म्हणाला, "साहेब, मशीन होतं ना आपल्याकडं?" आम्ही "हो" म्हणालो. त्यापुढे आम्हांस काही बोलता आले नाही. ते परिपत्रक दुसऱ्या दिवशी रद्द केले. पण रद्द करण्याने झाले ते भरून येत नाही.

जानेवारीत आमचा तंत्रज्ञ मुंबईहून परतला आणि त्याने तेथील वैद्यकीय व्यवस्थेचे वर्णन केले. ठराविक अंतरावर मदत केंद्रे, तयार उभ्या रुग्णवाहिका, दुचाकीवरून हिंडणारे प्रशिक्षित स्वयंसेवक, हाताशी झटक्याची यंत्रे. एवढे करूनही कधी कधी दुर्घटना घडते; २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्येही एका ज्येष्ठ धावपटूचा हृदय थांबून मृत्यू झाला. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन स्पर्धांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एक कोटीहून अधिक धावपटूंमध्ये हृदय थांबण्याचे ५९ प्रसंग घडले आणि त्यांतील ४२ जण दगावले. जे वाचले त्यांच्या बाबतीत सर्वांत मोलाची ठरलेली गोष्ट एकच : शेजारी असलेल्या कोणीतरी लगेच छातीवर दाब देण्यास सुरुवात केली होती.

हे ऐकत असताना आम्ही भिंतीवरील तालुक्याच्या नकाशाकडे पाहत होतो. ताम्हिणीपासून पुण्यातील मोठ्या हृदयरोग केंद्रापर्यंतचे अंतर मॅरेथॉनच्या अंतरापेक्षा जास्त आहे. मुंबईत ज्या बेचाळीस किलोमीटरांवर निरोगी, सराव केलेली माणसे वर्षातून एकदा धावतात, तेथे पावलोपावली वैद्यकीय मदत उभी असते. आपल्याकडे आजारी माणूस तेवढेच अंतर, पावसात, दरडीतून, कोणाच्या तरी जीपमध्ये आडवा होऊन कापतो, आणि त्याच्या वाटेवर पाणी द्यायलाही कोणी उभे नसते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात सुरू आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचविले आहेत. तरी घाटातील वाडीपर्यंत पोहोचण्यास तिलाही वेळ लागतोच.

म्हणून विश्वस्त मंडळाने एकमताने ठरविले की प्रतीक्षागृह थांबेल. मॅरेथॉन निमित्त आलेली रक्कम तीन गोष्टींवर खर्च होईल.

पहिली, आपल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणि रुग्णवाहिकेत झटक्याचे यंत्र कायम, उघड्यावर, चालू स्थितीत राहील. दर पाळीला परिचारिका ते तपासून वहीत सही करील, आणि महिन्यातून एकदा ती वही आम्ही स्वतः पाहू. यंत्र चोरीस गेले तर त्याचे उत्तर लेखापरीक्षकांना आम्ही देऊ. ते उत्तर देणे सोपे आहे.

दुसरी, मुळशीच्या वरच्या खोऱ्यातील निवडक गावांत स्वयंचलित यंत्रे ठेवली जातील. हे यंत्र बोलून सूचना देते. सामान्य माणसालाही ते वापरता येते.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी, म्हणजे प्रशिक्षण. शिक्षक, आशा सेविका, दूध गोळा करणारे, जीपचालक, हॉटेलवाले आणि गणेश मंडळांतील मुले यांना छातीवर दाब कसा द्यावा हे शिकविण्याचे वर्ग सुरू झाले आहेत. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल, न थांबता. छातीत कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, दरदरून घाम, यांस पित्त समजून घरी बसू नये, हेही सांगितले जाते. कोळवण खोऱ्यातील एका शाळेत झालेल्या पहिल्या वर्गाला अपेक्षेपेक्षा जास्त माणसे आली. मागच्या बाकावर तो मुलगा बसलेला होता. वर्ग संपल्यावर त्याने पुतळ्यावर पुन्हा पुन्हा सराव केला. जाताना तो म्हणाला, "आमच्या वाडीत कधी येताय?" पुढचा वर्ग त्याच्या वाडीत झाला, सतरंज्या त्यानेच अंथरल्या होत्या. आज तो येथे उपस्थित आहे. तो कोण, हे विचारू नये, एवढी विनंती.

देणगीदारांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयाची आहे. यंत्र देणारे दाते मिळतात, कारण यंत्रावर नावाची पट्टी लागते. पण त्या यंत्राची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, छातीवर लावावयाच्या पट्ट्यांची मुदत संपते, प्रशिक्षण दर वर्षी पुन्हा द्यावे लागते. या आवर्ती खर्चावर नावाची पट्टी लावण्यास जागा नसते. मॅरेथॉनमध्ये पहिले दहा किलोमीटर सारेच जोरात धावतात. तिशीच्या पुढे कोण उरतो, हे महत्त्वाचे, असे धावणारे सांगतात. दानाचेही तसेच आहे. म्हणून यंदापासून 'देखभाल व प्रशिक्षण निधी' असे स्वतंत्र शीर्षक जमाखर्चात उघडले आहे. त्यात दर वर्षी थोडी, परंतु न चुकता भर घालणारे दाते आम्हांस हवे आहेत.

रुग्णांच्या आप्तांसाठीही दोन शब्द. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात, आणि त्यासाठी बिलांच्या उत्पन्नातील दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग केली जाते. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. तातडीच्या प्रसंगी कागदपत्रे आणि अनामत रक्कम यांची वाट न पाहता उपचार सुरू होतील. याबाबत कोणास वेगळा अनुभव आल्यास थेट आमच्याकडे यावे. आमच्या खोलीचे दार दिवसा उघडे असते.

शेवटी पुन्हा त्या शर्यतीकडे येतो. १९२० साली फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही, आणि आज त्यांचे नावही फारसे कोणास ठाऊक नाही. शंभरहून अधिक वर्षांनी मुंबईत निरमाबेन ठाकोर यांनी जवळजवळ तेवढ्याच वेळात शर्यत पूर्ण केली. चौगुल्यांना कोणीतरी डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर धावताना पाहिले, त्यांच्या अनवाणी पायांची किंमत जाणली आणि बोटीचे भाडे भरले, म्हणून ते अँटवर्पला पोहोचले. वाडीवस्तीवरील आपला रुग्ण पुण्याला पोहोचेल तो अशाच कोणीतरी वाटेत उभे राहिल्यामुळे.

आमच्या आंतरतपासणीच्या वहीत यंदा एक शेरा आम्हीच आमच्याविरुद्ध लिहून ठेवला आहे. तो खोडला जाणार नाही. पुढील वर्षी या व्यासपीठावरून किती गावांत प्रशिक्षण झाले, किती यंत्रे चालू स्थितीत आहेत आणि किती बंद आढळली, याचा हिशेब आपणांपुढे ठेवू. तो आपण मागून घ्यावा.

 ज्या कुटुंबाने आपले दुःख आम्हांस येथे सांगू दिले, त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत.